युक्रेनने शांततेसाठी जमीन सोडावी का?

माळरान (धागाकर्ता)

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेचा २८ कलमी शांतता आराखडा बाहेर आला, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये. दोनेत्स्क प्रांताचा जो भाग अजून युक्रेनच्या हातात आहे तिथून युक्रेनने आपणहून सैन्य काढून घ्यायचं, सैन्य सहा लाखांच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि नाटोत जाणार नाही असं स्वतःच्या राज्यघटनेत लिहायचं, अशी कलमं त्यात होती. पुढच्या बैठकांमध्ये कलमं कमी झाली, आकडे बदलले, पण दोनेत्स्कचं घोंगडं भिजतच पडलं.

कुणाशीही बोललं की दोनच उत्तरं मिळतात. "देऊन टाका एकदाचं, अजून किती माणसं मारणार?" किंवा "एक इंचही देऊ नका." दोन्ही उत्तरं देणाऱ्याचं स्वतःचं काही जात नाही. म्हणून इथे जरा खोलात जाऊन बोलावं असं वाटलं.

माझं मत आधीच मांडतो, म्हणजे खोडायला सोपं जाईल. रशियाने युक्रेनची साधारण एक पंचमांश जमीन बळकावली आहे. ती आज लढून परत मिळत नसेल तर आहे त्या रेषेवर युद्ध थांबवणं मला मान्य आहे, कितीही जीव तुटला तरी. पण जी जमीन शत्रूला चार वर्षं लढून घेता आली नाही ती टेबलावर बसून देऊ नये, आणि पुन्हा हल्ला झाला तर लढायची ताकद तर मुळीच देऊ नये. तुम्हाला काय वाटतं?

भीमथडी
*विषय: माणसं आधी*

माळरानजी, तुमच्या "पण" नंतरचं सगळं मला अवघड जातंय. त्या "पण"साठी रोज तिथे कुणीतरी मरतंय.

गॅलपच्या जुलै २०२५ च्या पाहणीत ६९ टक्के युक्रेनियन लोकांनी लवकरात लवकर वाटाघाटी करून युद्ध संपवा असं सांगितलं. जिंकेपर्यंत लढा म्हणणारे उरले २४ टक्के. २०२२ मध्ये ७३ टक्के लोक लढा म्हणत होते. लोक थकलेत. एप्रिल २०२४ मध्ये सक्तीच्या भरतीचं वय २७ वरून २५ वर आणावं लागलं. पुण्यात बसून त्यांना "सोडू नका" सांगणारे आपण कोण?

आणि तह म्हणजे शरणागती, असं मराठी माणसाने तरी म्हणू नये. मुरारबाजी पडल्यावर, मुलूख जळत असताना महाराजांनी जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह केला. २३ किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख देऊन टाकला, १२ किल्ले ठेवले. १६७० मध्ये कोंढाण्यापासून सुरुवात करून एकेक परत घेतला. त्या दिवशी "एक इंचही नाही" म्हणाले असते तर १६७० उजाडलंच नसतं.

कोरा_कागद
*विषय: पुरंदरचा दाखला अर्धाच*

भीमथडीराव, पुरंदर अगदी बरोबर आठवलात, पण मग पूर्ण वाचू या. त्या १२ किल्ल्यांत राजगड होता, तोरणा होता. राजधानी हातात राहिली, माणसं राहिली, कारभार राहिला. फौज अमुक इतकीच ठेवायची असं कलम मिर्झाराजांनी घातलं नव्हतं. शिवाय मुघलांची अवस्था बघा. विजापूरची मोहीम फसली, १६६७ मध्ये वायव्येला युसुफझाई उठले, दक्षिणेत शहजादा आणि दिलेरखान यांचं आपसात पटेना. दिलेले किल्ले राखायला शत्रूला सवडच नव्हती. हे सगळं जमून आलं म्हणून पाच वर्षांत डाव उलटला.

उलट्या बाजूचा दाखला चेकोस्लोव्हाकियाचा. ३० सप्टेंबर १९३८ रोजी म्युनिकमध्ये चार देशांनी ठरवलं की सुडेटनलँड हिटलरला द्यायचं. ज्यांचा देश, त्यांना बैठकीत खुर्चीसुद्धा नव्हती. लोकांना आठवतं ते एवढंच. पण चेकांचे बहुतेक सीमेवरचे बुरूज, काँक्रीटचे मोर्चे त्या सुडेटनच्या डोंगरपट्ट्यातच होते. जमिनीबरोबर ते गेले आणि साडेपाच महिन्यांनी, १५ मार्च १९३९ रोजी, जर्मन फौज एकही मोठी लढाई न करता प्रागमध्ये शिरली. युरोपातल्या चांगल्या सैन्यांपैकी एक सैन्य न लढताच संपलं, त्याच्या तोफा आणि रणगाडे हिटलरला मिळाले.

दोनेत्स्कमधल्या ज्या पट्ट्यातून निघून जा म्हणतायत, तो नकाशावर बघा. मला म्युनिक दिसतं.

सडेतोड
*विषय: मूळ कारण कुणी बोलेल का?*

नाटो रशियाच्या दारापर्यंत नेला नसता तर हे झालंच नसतं. तटस्थ राहतो असं युक्रेनने आधीच म्हटलं असतं तर आज ही तडजोड करायची वेळ आली नसती. मोठ्या शेजाऱ्याच्या सुरक्षेची काळजी लहान देशाला घ्यावीच लागते. हे कटू आहे, पण जग असंच चालतं.

माळरान

सडेतोडजी, त्यांनी ते म्हटलं होतं, कायद्यानेच म्हटलं होतं. २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष यानुकोविच यांच्या काळात युक्रेनच्या संसदेने कोणत्याही लष्करी गटात जाणार नाही असा कायदा केला. त्याच वर्षी क्रिमियातल्या सेवास्तोपोलमधल्या रशियन नौदल तळाची मुदत २०४२ पर्यंत वाढवून दिली. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला तेव्हा तो तटस्थतेचा कायदा लागू होता. रद्द झाला डिसेंबर २०१४ मध्ये, क्रिमिया जाऊन नऊ महिने झाल्यावर.

त्याच्या आधी ५ डिसेंबर १९९४ चं बुडापेस्ट. जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा युक्रेनच्या भूमीवर होता. तो देऊन टाकायच्या बदल्यात अमेरिका, ब्रिटन आणि रशिया या तिघांनी सीमांचा आदर करू असं लिहून दिलं. रशियाचीही सही आहे त्यावर. आता पुन्हा कागद पुढे आला की त्या लोकांना आधीचे कागद आठवणारच.

सडेतोड

कायदा होता हे मान्य. पण २०१४ मध्ये कीवमध्ये सरकार उलथलं, त्यानंतर त्या कायद्यावर मॉस्कोने विश्वास का ठेवावा? २००८ मध्ये बुखारेस्टला नाटोने स्वतःच जाहीर केलं होतं की युक्रेन एक दिवस सदस्य होईल. अविश्वास दोन्हीकडून आहे एवढंच म्हणायचंय. तह टिकायचा तर रशियाची भीतीही कुठेतरी मोजावी लागेल, ती खरी असो वा फुगवलेली.

खार्किव_ते_कराड
*विषय: थोडं तिथलं*

एरवी इथे फक्त वाचते. मी खार्किवला मेडिकलला होते. रशियाची सीमा तिथून तासाभराच्या रस्त्यावर. शहर जवळजवळ सगळं रशियन बोलणारं. दुकानात, ट्रॉलीबसमध्ये, वॉर्डमध्ये पेशंटशी, सगळीकडे रशियन. आम्हीही रशियनच शिकलो.

आमच्या वसतिगृहाच्या कमांडंट मावशी (वॉर्डनला तिथे कमांडंट म्हणतात) रशियनच बोलायच्या. त्यांची सख्खी बहीण बेल्गोरोदला, म्हणजे सीमेपलीकडे, दोन तासांवर. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे आम्ही तळघरात उतरलो तेव्हा मावशी बहिणीशी फोनवर बोलत होत्या. बहीण म्हणत होती की तुमच्या घरांवर कुणी बॉम्ब टाकत नाहीये, फक्त लष्करी ठिकाणं आहेत. मावशींनी फोन खिडकीच्या बाजूला धरला, आवाज ऐकवला. बहिणीला तरी पटलं नाही. त्यानंतर त्या दोघी बोलल्या की नाही मला माहीत नाही.

१ मार्चला आपला एक भारतीय विद्यार्थी तिथे मारला गेला. २ तारखेला दूतावासाची सूचना आली की संध्याकाळी सहाच्या आत खार्किव सोडा, पायी का होईना पिसोचिनला पोहोचा. दहा-बारा किलोमीटर बर्फातून चालत गेलो. सॅकमध्ये पाणी, ब्रेड आणि कागदपत्रं. मावशी गेटपर्यंत आल्या होत्या, आमच्या प्रत्येकीच्या जॅकेटची चेन वरपर्यंत ओढून देत होत्या.

"रशियन भाषिकांना वाचवायला आलो" हे कारण कुणी सांगितलं की मला त्या मावशी दिसतात. गेली काही वर्षं खार्किवमध्ये लहान मुलांच्या शाळा मेट्रोच्या स्थानकांत, जमिनीखाली भरतात. ती मुलंही घरी रशियनच बोलत असतील.

मला तह हवा की नको हे नीट सांगता येत नाही. मावशींना शांत झोप मिळावी एवढं वाटतं. पण पलीकडच्या राजवटीखाली ती मिळेल असं मात्र वाटत नाही.

निशिगंध

ताई, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून धन्यवाद.

मृण्मयी
*विषय: जमिनीवर माणसं राहतात*

खार्किव ताईंच्या शेवटच्या वाक्यापासून पुढे जाते. भीमथडी म्हणतात माणसं आधी. मीही तेच म्हणते. पण मग रेषेच्या पलीकडची माणसं मोजायची की नाही?

व्यापलेल्या भागात राहणाऱ्यांना रशियन पासपोर्ट घ्यायला लावलं जातंय. ज्यांनी घेतला नाही त्यांनी १० सप्टेंबर २०२५ पर्यंत कायदेशीर सोपस्कार करा नाहीतर निघा, असा मॉस्कोचा हुकूम होता. स्वतःच्या घरात परकं होणं हे असं. मुलांच्या शाळांचा अभ्यासक्रम बदलला. आणि नेलेली मुलं! १७ मार्च २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने पुतिन आणि त्यांच्या बालहक्क आयुक्त बाईंच्या नावे अटक वॉरंट काढलं ते याच आरोपावरून, मुलांना बेकायदा रशियात नेलं म्हणून. युक्रेनच्या सरकारच्या म्हणण्याप्रमाणे १९ हजारांहून जास्त मुलं नेली गेली.

कीवजवळच्या बूचामध्ये रशियन फौज महिनाभर होती. मार्च २०२२ च्या शेवटी ती गेली आणि रस्त्यांवर, अंगणांत, तळघरांत मृतदेह सापडले. तिथे मार्चमध्ये "युद्ध" फारसं चालू नव्हतं, ताबा होता.

म्हणून "युद्ध थांबलं की माणसं मरायची थांबतात" हे मला सरसकट पटत नाही. तरीही, एखाद्या विशीतल्या मुलाला सांगायचं की पलीकडच्या गावातल्या म्हातारीसाठी तू मर, हेही माझ्याच्याने होत नाही. दोन्ही खरं आहे आणि मला यातून वाट दिसत नाही.

भीमथडी

मृण्मयीताई, तुमचं म्हणणं मान्य. पण युक्रेनला तो भाग सोडवता आला असता तर प्रश्नच नव्हता. २०२३ चा प्रतिहल्ला अझोव्हच्या समुद्रापर्यंत पोहोचलाच नाही. सुटका होणार नसेल तर लढाई चालू ठेवून पलीकडच्या म्हातारीला काय मिळतं?

गावाकडे बांध कोरणारा शेजारी असतो. पाच फूट कोरतो. त्याच्याशी आयुष्यभर मारामारी करून घर बरबाद करणारे मी पाहिलेत, आणि पाच फूट सोडून पोरांना शिकवणारेही.

कोरा_कागद

बांधाच्या भांडणात तलाठी आहे, मोजणी आहे, कोर्ट आहे. पाच फूट सोडल्यावर सहावा फूट कोरला तर दाद मागायला जागा आहे. इथे सुरक्षा परिषदेत नकाराधिकार बांध कोरणाऱ्याच्याच हातात. २ मार्च २०२२ ला आमसभेत १४१ देशांनी रशियाच्या विरोधात मत दिलं, पाचांनी बाजूने. आपण तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत होतो. त्या १४१ मतांनी एक रणगाडा मागे फिरला नाही.

हेलसिंकीकर
*विषय: फिनलंडने काय दिलं आणि काय ठेवलं*

बरीच वर्षं फिनलंडमध्ये आहे, त्यामुळे हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. थोडं लांबेल.

१९३९ च्या ऑक्टोबरमध्ये स्टालिनने फिनलंडकडे कारेलियाच्या चिंचोळ्या पट्ट्यातली सीमा मागे सरकवा, आखातातली बेटं द्या, हांको बंदर भाड्याने द्या अशी मागणी केली. बदल्यात उत्तरेकडे दुप्पट जंगल देऊ केलं होतं. फिनलंडने नाही म्हटलं. ३० नोव्हेंबरला हल्ला झाला. दुसऱ्याच दिवशी सीमेवरच्या तेरियोकी गावात कूसिनेन नावाच्या फिनिश कम्युनिस्टाचं "सरकार" बसवलं गेलं आणि मॉस्कोने त्यालाच मान्यता दिली. म्हणजे हवं होतं ते काय, हे लपलेलं नव्हतं.

शेजारच्या एस्टोनिया, लाटविया, लिथुआनियाने त्याच शरद ऋतूत तडजोड केली. सोव्हिएत तळांना जागा दिली, करारांवर सह्या केल्या, एक गोळी झाडली नाही. जून १९४० मध्ये तळांवरची फौज आणि सीमेवरून आलेली फौज मिळून तिन्ही देश ताब्यात घेतले. ऑगस्टपर्यंत ते देश नकाशावरून गेले. जून १९४१ मध्ये हजारो कुटुंबं गुरांच्या डब्यांतून सायबेरियाला गेली. परत स्वतंत्र व्हायला १९९१ उजाडलं.

फिनलंड १०५ दिवस लढला. साधारण २५ हजार माणसं गेली, तीही ३७ लाखांच्या देशात. मग १२ मार्च १९४० ला तह केला. माळरानजी, आता तुमच्या मुद्द्याकडे येते. त्या दिवशी वीपुरी शहर अजून फिनिश सैन्याच्या हातात होतं. हांकोमध्ये तर एकही रशियन सैनिक नव्हता. तरी दोन्ही दिली. स्टालिनने युद्धाआधी मागितलं होतं त्याहून कितीतरी जास्त दिलं, देशाचा जवळजवळ दहावा हिस्सा. चार लाखांहून जास्त लोक घरं सोडून पश्चिमेला आले, गाई हाकत, घोड्यांच्या घसरगाड्यांवर सामान लादून. न हरलेली जमीन देऊ नये या तुमच्या अटीत फिनलंड बसत नाही.

तो आनंदाने केलेला तह नव्हता. देशभर झेंडे अर्ध्यावर उतरवले होते. मंत्रिमंडळातले दोन मंत्री, त्यात संरक्षणमंत्री निउक्कानेन, विरोध करून बाहेर पडले. वाटाघाटींच्या अधिकारपत्रावर सही करताना राष्ट्राध्यक्ष कॅल्लिओ म्हणाले की असल्या कागदावर सही करणारा हात झडून जावो. ऑगस्टमध्ये त्यांना पक्षाघात झाला, उजवा हात लुळा पडला. डिसेंबरमध्ये पदावरून निवृत्त होऊन गावी निघाले असताना हेलसिंकीच्या रेल्वे स्थानकावर, मानवंदना घेताना कोसळले आणि गेले. इथल्या शाळकरी मुलांनाही ही गोष्ट माहीत असते.

मग फिनलंडने काय ठेवलं? स्वतःचं सरकार, स्वतःची संसद आणि सेनापती मॅनरहाइमच्या हाताखालचं शाबूत सैन्य. कूसिनेनचं सरकार स्टालिनने गुपचूप मोडीत काढलं, कारण १०५ दिवसांत त्याला किंमत कळली होती. तहानंतर लगेच नव्या सीमेमागे सल्पा नावाची तटबंदी उभारायला घेतली.

विस्थापितांसाठी काय केलं तेही सांगते, कारण तहाच्या चर्चेत हा भाग कुणी काढत नाही. १९४५ च्या कायद्याने सरकारी, चर्चच्या आणि मोठ्या जमीनदारांच्या जमिनी घेऊन कारेलियन शेतकऱ्यांना शेतं दिली. नुसते पैसे हातावर टेकवले नाहीत. एक गाव शक्यतो एकाच भागात वसवलं. आपल्याकडच्या धरणग्रस्तांचं काय झालं ते आठवून बघा, म्हणजे हे किती मोठं काम होतं ते कळेल.

पण गोड शेवट दाखवून थांबणार नाही. ती शांतता १५ महिने टिकली. १९४१ मध्ये फिनलंड गमावलेलं परत घ्यायला जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला, आणखी ६० हजारांहून जास्त माणसं गेली, १९४४ मध्ये पुन्हा तह, पुन्हा तीच जमीन गेली, वर उत्तरेकडचं पेट्सामो गेलं आणि ३० कोटी डॉलरची युद्धभरपाई बसली. ती १९५२ मध्ये पूर्ण फेडली. माजी राष्ट्राध्यक्ष रिती यांना मॉस्कोच्या दबावाखाली स्वतःच्याच देशाच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. नंतरची कित्येक दशकं मॉस्कोला काय वाटेल हे बघून वर्तमानपत्रं लिहीत होती. नाटोत गेले ४ एप्रिल २०२३ ला.

इथे प्रत्येक गावाच्या चर्चजवळ त्या युद्धांतल्या सैनिकांची कबरस्तानं आहेत. मेलेल्यांना शक्य तितकं आपापल्या गावी आणून पुरलं होतं. २४ डिसेंबरला संध्याकाळी घरची माणसं तिथे मेणबत्त्या लावतात. एकसारखे छोटे दगड, नाव, जन्म, मृत्यू. एकदा रांगेत वय मोजत गेले होते, एकोणीस, बावीस, वीस. तडजोड चांगली की वाईट हे त्या रांगेत उभं राहून मला ठरवता येत नाही.

भीमथडी

हेलसिंकीकर ताई, नकळत माझीच बाजू मांडलीत. दहावा हिस्सा दिला, न हरलेलं शहर दिलं, आणि देश वाचला.

हेलसिंकीकर

अर्धीच. ते १०५ दिवस लढले नसते तर तह करायला फिनलंड उरलाच नसता, एस्टोनियासारखं झालं असतं. आणि तहानंतर सैन्य कमी करायची अट १९४० मध्ये नव्हती. लढणं आणि तह करणं या दोन वेगळ्या बाजू मला दिसत नाहीत. लढल्यामुळे तह मिळाला.

माजी_सुभेदार
*विषय: दोनेत्स्कचा पट्टा, आणि कोरिया*

चर्चा चांगली चाललीय. जमिनीवरचं थोडं सांगतो.

स्लोव्हियान्स्क, क्रामातोर्स्क, द्रुझकिव्का, कोस्त्यान्तिनिव्का. उत्तर-दक्षिण एका रांगेत, साधारण पन्नास किलोमीटरची ही शहरांची साखळी. एप्रिल २०१४ मध्ये रशियाच्या माणसांनी स्लोव्हियान्स्क घेतलं होतं, जुलैमध्ये युक्रेनने परत घेतलं. तेव्हापासून तिथे खंदक, बंकर, दारूगोळ्याची कोठारं, माल उतरवायची रेल्वे स्थानकं अशी दहा-अकरा वर्षांची तयारी आहे. शहरातल्या कारखान्यांच्या इमारती आणि खाणींच्या मातीचे ढीग म्हणजे आयती तटबंदी. त्याच्या पश्चिमेला काय? सपाट शेतं. सूर्यफूल आणि गहू. द्निप्रो नदीपर्यंत धड आडोसा नाही.

फिनलंडला वीपुरी देऊन मागे तळी आणि जंगल होतं, सल्पा बांधायला सैन्य होतं आणि सव्वा वर्ष मिळालं. क्रामातोर्स्क देऊन मागे काय बांधणार, किती दिवसांत बांधणार, आणि बांधून होईपर्यंत समोरचा थांबेल याची हमी कोण घेणार? हे तीन प्रश्न सुटले तर माझ्यासारखा माणूससुद्धा म्हणेल, द्या. सुटले नाहीत तर तिथे जमीन दिली म्हणजे सैन्यच दिलं, दोन वेगळी कलमं दिसली तरी.

आपण १९६५ ला हाजी पीर खिंड रक्त सांडून घेतली आणि जानेवारी १९६६ ला ताश्कंदला परत केली. त्या खिंडीतून नंतर काय काय आत आलं ते काश्मीरला ड्यूटी केलेल्या कुणालाही विचारा. उंचावरची जागा सोडली की पुढची वीस-तीस वर्षं खालच्या जवानाला ती फेडावी लागते.

आता कोरिया. जुलै १९५१ ला बोलणी सुरू झाली आणि २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी. दोन वर्षं बोलणीही चालू, लढाईही चालू. रेषा फारशी हललीच नाही. मग दोन वर्षं अडलं कशावर? बऱ्याच अंशी कैद्यांवर. ज्या कैद्यांना उत्तरेत किंवा चीनला परत जायचं नाही त्यांना जबरदस्तीने पाठवायचं का, यावर. शेवटी असे २२ हजारांहून जास्त कैदी सांभाळायला भारताची कस्टोडियन फोर्स गेली. तिचे प्रमुख आपले मेजर जनरल थोरात आणि तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. प्रत्येक कैद्याला विचारायचं, जायचंय की नाही. दोन्ही बाजू भारताच्या माणसांवर चिडलेल्या. तरी काम पार पाडलं.

मृण्मयीताईंनी मुलांचा आणि पलीकडच्या माणसांचा विषय काढला, म्हणून हे लिहिलं. तहात माणसांचं कलम जमिनीच्या कलमाइतकंच कडक लिहिता येतं, असं लिहिलं गेलेलं आहे, आणि ते राबवायला आपली माणसं होती. भारताने आज पुन्हा असं काम मागून घ्यावं असं मला फार वाटतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान कीवला जाऊन आले, मॉस्कोशी तर जुने संबंध आहेतच. दोघांच्या दारात जाता येणारे देश जगात थोडे आहेत.

दुसरं, कोरियात शांतता करार आजपर्यंत झालेला नाही. दक्षिणेने उत्तरेचा हक्क मान्य केला नाही, उत्तरेने दक्षिणेचा नाही. पण ऑक्टोबर १९५३ मध्ये अमेरिकेने दक्षिणेशी संरक्षण करार केला आणि आपली फौज तिथे ठेवली. रेषा कागदामुळे टिकली नाही, तिच्यामागे उभ्या असलेल्या फौजेमुळे टिकली.

माळरान

सुभेदार साहेब, तुमच्या तीन प्रश्नांमुळे २०२२ च्या इस्तंबूलच्या बोलण्यांकडे परत वळावंसं वाटतं. "तेव्हाच तह होत होता, पाश्चात्त्यांनी मोडला" असं इथे बरेच जण म्हणतात. नंतर बाहेर आलेल्या मसुद्यांत काय आहे? युक्रेन तटस्थ राहायला तयार होता, नाटोत जायचं सोडून द्यायला तयार होता. क्रिमियाचा निर्णय पुढे ढकलायलाही तयार होता. म्हणजे तडजोडीची तयारी नव्हती हे खरं नाही. अडलं दोन ठिकाणी. सैन्य किती? युक्रेन म्हणत होता अडीच लाख, रशिया म्हणत होता ८५ हजार. रणगाडे युक्रेनला ८०० हवे होते, रशिया ३४२ वर अडून. आणि पुन्हा हल्ला झाला तर मदतीला येणाऱ्या हमीदार देशांनी आधी सगळ्या हमीदारांची संमती घ्यायची, असं कलम रशियाने घातलं. हमीदारांत रशियाही होता. म्हणजे रशियाने हल्ला केला तर मदत पाठवायला रशियाची परवानगी.

हेलसिंकीकर ताईंचं वीपुरी वाचल्यावर माझी कसोटी एकाच जागी येऊन थांबते. जमीन किती गेली यापेक्षा, तहाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हल्ला झाला तर हा देश उभा राहू शकतो का? १९४० च्या फिनलंडला शक्य होतं. म्युनिकनंतरच्या चेकांना नव्हतं. भीमथडीराव, या कसोटीला उतरणारा तह कितीही कडू असला तरी मी तुमच्याबरोबर आहे. इस्तंबूलचा रशियन मसुदा उतरत नव्हता, आणि क्रामातोर्स्क सोडायला लावणारा उतरेल असं वाटत नाही.

भीमथडी

कसोटी रास्त आहे. माझी भीती वेगळी आहे. अशी वाट बघता बघता पुढच्या वर्षी यापेक्षा वाईट अटी समोर येतील. वेळ कुणाच्या बाजूने आहे हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, आणि रशियाची लोकसंख्या युक्रेनच्या तिपटीहून जास्त आहे. १९४० मध्ये मॅनरहाइमनेच सरकारला सांगितलं ना, की सैन्य अजून उभं आहे तोवर तह करा? तो क्षण ओळखणारा सेनापती आणि त्याचं ऐकणारं सरकार, दोन्ही लागतं. कीवला तो क्षण ओळखता येईल का, याची मला चिंता आहे.

मृण्मयी
*विषय: सही कुणाची?*

भीमथडींच्या चिंतेत एक गोष्ट राहतेय. झेलेन्स्की यांनी उद्या ठरवलं तरी ते एकटे जमीन देऊ शकत नाहीत. युक्रेनच्या घटनेच्या ७३ व्या कलमाप्रमाणे देशाच्या भूभागात बदल करायचा तर सार्वमत घ्यावं लागतं. देशाची अखंडता मोडणारी घटनादुरुस्ती १५७ व्या कलमाने बंद केलीय. त्यात लष्करी कायदा चालू असेपर्यंत मतदानच घेता येत नाही. म्हणजे आधी गोळीबार थांबायला हवा, मग लोकांना विचारता येईल. रशिया म्हणतो आधी जमीन, मग गोळीबार थांबेल. गाठ इथे बसलीय.

कीवच्या समाजशास्त्र संस्थेच्या पाहण्या बघितल्या. मे २०२२ मध्ये ८२ टक्के लोक कोणत्याही स्थितीत जमीन देऊ नये म्हणत होते. डिसेंबर २०२४ मध्ये ५१ टक्के, आणि काही प्रमाणात द्यायला तयार असलेले ३८ टक्के. तेच लोक आपापसांत किती तुटत असतील याचा विचार करा. आपण इथे मुद्दे मांडतोय. त्यांच्यातल्या एकाचा मुलगा खंदकात आहे, दुसऱ्याचं घर रशियाने व्यापलेल्या मेलितोपोलला राहिलंय, आणि दोघांचं मत मोजताना एकच धरलं जाणार.

खार्किव_ते_कराड

मेलितोपोल वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या बॅचमधली एक मुलगी तिथली. आता पोलंडमध्ये असते. तिचे आजोबा मागे राहिले, त्यांनी पासपोर्ट घेतला, कारण त्याशिवाय इन्सुलिन मिळणं बंद झालं होतं. तिला विचारलं होतं की मतदान झालं तर काय करशील. म्हणाली, रेषा जिथे आहे तिथे थांबवा याला मी हो म्हणेन, पण मेलितोपोल रशियाचं आहे असं लिहिलेल्या कागदाला नाही म्हणेन. आजोबांना दोन्ही सांगितलंय. ते म्हणाले, आधी ये-जा करायचा रस्ता उघडता येतो का बघा.

सुभेदार काका, तुम्ही म्हणता तसं माणसांचं कलम लिहायचं असेल तर सगळ्यात वर हे घालायला सांगा.